सहाशे अंशांचा रकाना

१६ जून २०२४
शिवाजी पेठ, कोल्हापूर

दादा,

फोन तू उचलत नाहीस. व्हॉट्सअ‍ॅपवर तुझ्या नावापुढं चार महिने एकच टिक पडतेय. म्हणून कागदावर लिहितेय. तुला शेवटचं पत्र कधी लिहिलं होतं ते आठवतसुद्धा नाही.

राजवीर कसा आहे? क्रांतीवहिनींकडून कळतं तेवढंच. फिजिओथेरपीच्या बाई दिवसाआड येतात, तो खुर्चीत दोन तास बसतो, कंबरेखाली अजून काही कळत नाही. आजऱ्याची हवा त्याला मानवते म्हणाल्या. तू वहिनींच्या भावाच्या काजूच्या कारखान्यात बसतोस हेही त्यांनीच सांगितलं. काय करतोस विचारलं तर म्हणाल्या, "बसत्यात नुसतं."

मी दवाखान्यात दोनदाच आले, तिसऱ्यांदा आले नाही, याचा तुला राग आहे. सख्खी आत्या, आणि पोराचं ऑपरेशन झालं त्या दिवशी फिरकली नाही. कॉलेजात परीक्षा होत्या, माझी ड्युटी होती. कारण खरं आहे. पण ते पुरत नाही, एवढं मला कळतं.

तुझं उद्यमनगरातलं वर्कशॉप मी महिन्यातून एकदा उघडते. लेथवर तेलाचा हात फिरवते, उंदरांनी काही कुरतडलंय का बघते, पुन्हा कुलूप लावते. शेजारचे फौंड्रीवाले विचारतात, "विजयसिंह कवा येणार?" मी म्हणते, येईल.

तू दवाखान्याच्या व्हरांड्यात सगळ्यांसमोर बोललास ते माझ्या डोक्यातून जात नाही. "माझ्या हातानं पोरगं मोडलं. दांडा सरकायला गाईडाच्या नळीत जागा कमी ठिवली मी. व्हॉल्व्ह अडकला." दादा, इतकं मनाला लावून घेऊ नकोस. शर्यतीत उडी मारताना मोटारसायकलचं इंजिन जाम होतं, मागचं चाक जागीच थांबतं, याला शंभर कारणं असतात. आणि टायटॅनियमच्या व्हॉल्व्हचं सगळं वागणं अजून कुठं कळलंय कुणाला!

राजवीरला सांग, आत्तीनं आठवण काढलीय.

वर्षा


४ ऑगस्ट २०२४

दादा,

उत्तराची वाट बघितली. नाही आलं. असू दे.

काल वहिनींचा फोन आला होता. तुमच्या तिथं काजू फोडायच्या मशीनचं बेअरिंग गेलं. तू चार पावलांवर बसला होतास. मेव्हण्यानं पाना पुढं केला तर तू हात मागं घेतलास आणि म्हणालास, "माझा हात लावू नका कशाला." मग गडहिंग्लजहून माणूस येईपर्यंत दिवसभर मशीन बंद. वहिनी सांगताना रडत होत्या. "वन्सं, जेवतानाबी हातांकडं बघत बसत्यात. ताट तसंच ऱ्हातंय."

पंचवीस वर्षं तू व्हॉल्व्ह केलेस. जत्रेत हरवलेलं पोर आईचा हात ओळखतं तसा तू अंगठ्यानं मायक्रॉन ओळखायचास. तुझ्या हाताची चूक असेल असं मला वाटत नाही. वाटत नाही, एवढंच लिहिते.

डिसेंबरातली ती दुपार मला सारखी आठवते. तू आणि राजवीर लॅबमध्ये आला होतात. तू आणलेल्या व्हॉल्व्हसोबत चाचणीच्या टायटॅनियमच्या पिनाही मी भट्टीत नायट्रोजन देऊन काढल्या होत्या, वरचा थर सोन्यासारखा पिवळा झाला होता. राजवीर म्हणाला, "आत्ती, ह्याची अंगठीच करू की!" मग मी तुम्हाला यंत्र दाखवलं. खाली पोलादी चकती फिरते, वरून पिन दाबून धरायची, हजार मीटर घासली की काढून वजन करायचं. किती मिलिग्रॅम गेलं ती झीज. साध्या तापमानाला चार पूर्णांक एक. दोनशे अंशांना तीन पूर्णांक दोन. चारशेला एक पूर्णांक सहा. तू विचारलंस, "तापलं की कमी झिजतंय? उलटंच की हे!" मी सांगितलं, गरम झाल्यावर वर ऑक्साइडची गुळगुळीत साय धरते, ती घर्षण अंगावर घेते.

तू म्हणालास, "एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह सहाशेच्या फुडं जातोय, वर्षा. सहाशेचं काय ते सांग. तुझा कागद आल्याबिगर मी पोराच्या गाडीत बसवणार न्हाय."

सहाशेची चाचणी जरा घाईत झाली, हे तुला सांगायचं राहून गेलं.

स्वतःला जप. जेवत जा.

वर्षा


२२ सप्टेंबर २०२४

दादा,

हे पत्र मी बहुतेक टाकणार नाही. तरी लिहून बघते, कागदावर कसं दिसतं ते.

सहाशेची चाचणी घाईत झाली नाही. ती झालीच नाही.

पिन लावली, तापमान वाढवत नेलं आणि चारशे ऐंशीला हीटरची कॉइल गेली. आमच्या लॅबच्या केरबामामांनी झाकण उघडलं, वास आला, म्हणाले, "गेली की वं मॅडम." नवी कॉइल यायला आठ-दहा महिने लागणार होते. प्रकल्पाचा अहवाल आठ दिवसांत द्यायचा होता. विभागप्रमुख सर रोज विचारत होते. आणि फेब्रुवारीत राजवीरची स्पर्धा होती, तो दिवसातून दोनदा मेसेज करायचा, "आत्ती, झालं का?"

माझ्यासमोर तीन आकडे होते. चार पूर्णांक एक, तीन पूर्णांक दोन, एक पूर्णांक सहा. आलेखावर मी पट्टी ठेवली आणि रेघ पुढं ओढली. सहाशेच्या रकान्यात शून्य पूर्णांक नऊ लिहिलं. खाली सही केली. तुला फोन करून सांगितलं, "दादा, सहाशेला तर अजून कमी झिजतंय. बसव बिनधास्त." तू किती खूश झालास. म्हणालास, "आपल्या घरातच शास्त्रज्ञ हाय म्हटल्यावर काय."

मी खोटं लिहितेय असं मला त्या वेळी वाटलंच नव्हतं. माझी खात्री होती. विद्यार्थ्यांना मी वर्षातून शंभरदा सांगते, मोजलंय का? मोजलं नसेल तर गप्प बसा.

अकरा फेब्रुवारीला त्या माळावर राजवीर उडीवरून खाली आला तेव्हा मी लॅबमध्ये होते. तुझा फोन आला, मागं कुणीतरी ओरडत होतं. दवाखान्यात पोचेपर्यंत माझ्या मनात एकच होतं, सहाशे. दुसऱ्या दिवशी तू म्हणालास, "माझ्या हातानं झालं." मी समोर उभी होते. तोंड उघडलं होतं मी. पण मग वहिनी आल्या, डॉक्टर आले, आणि मी गप्प राहिले. त्यानंतर प्रत्येक दिवस आदल्या दिवसापेक्षा अवघड होत गेला. तिसऱ्यांदा दवाखान्यात आले नाही ते म्हणून. परीक्षेची ड्युटी मी मागून घेतली होती.

अजूनही मला नक्की माहीत नाही. कदाचित सहाशेलाही थर टिकत असेल, कदाचित खरंच गाईडात जागा कमी पडली असेल. कॉइल आली की कळेल. मी तेवढ्यावर तग धरून आहे. भावाची चूक निघावी अशी आशा लावून बसलेय, दादा. काय म्हणशील मला?


१० नोव्हेंबर २०२४

दादा,

हे पत्र लगेच वाच. बाकीची वाचली नसतील तरी हे वाच. स्पीडपोस्टानं पाठवतेय. वहिनींना चार फोन केले, त्या राजवीरला घेऊन मिरजेच्या दवाखान्यात आहेत, फोन लागत नाही. तुझ्या मेव्हण्याला केला; तो म्हणाला, "दाजी तुमच्याशी बोलत न्हाईत," आणि ठेवला. सोबत बावीस सप्टेंबरचं न टाकलेलं पत्र जोडलंय. आधी ते वाच.

कॉइल दिवाळीच्या सुट्टीत आली. भाऊबीजेला मी तुझ्याकडं आले नाही, कॉलेजच्या कुलूपबंद इमारतीत शिपायाकडून किल्ली घेऊन यंत्र जोडत बसले होते. शुक्रवारी सहाशेची चाचणी घेतली. तीच पिन, मागच्या वर्षीची; केरबामामांनी डबीत जपून ठेवली होती.

तीनशे मीटरपर्यंत सगळं शांत होतं. मग यंत्र करकरायला लागलं. थांबवून बघितलं तर पिवळा थर पापुद्र्यांनी सुटला होता आणि त्याचाच चुरा पिनेला घासत होता, खडीसारखा. पूर्ण करून वजन केलं. अकरा पूर्णांक आठ. काल पुन्हा केलं, नव्या पिनेवर. बारा पूर्णांक तीन.

मी शून्य पूर्णांक नऊ लिहिलं होतं.

तुझा हात चुकला नव्हता. जागा कितीही ठेवली असतीस तरी त्या चुऱ्यानं व्हॉल्व्हचा दांडा गाईडमध्ये अडकलाच असता. पिस्टन त्याच्यावर आदळला असता. हे सगळं माझ्या आकड्यानं झालं.

आता मुद्द्याचं. मी रडत बसले होते तर केरबामामा म्हणाले, "मॅडम, पर भट्टीत व्हॉल्व्ह आठ हुतं की. एका गाडीला चारच लागत्यात." मला आठवलं. तू दोन सेट घेऊन आला होतास. दुसरा कुणाच्या गाडीत बसवलास? तुझा हिशेब असा असणार की चूक राजवीरच्याच इंजिनात झाली, म्हणून दुसरी गाडी सुरक्षित आहे. ती सुरक्षित नाही. कोण आहे ते मला माहीत नाही. इथल्या दोन-तीन मेकॅनिकना विचारलं, कुणाला माहीत नाही. चोवीस तारखेला स्पर्धा आहे म्हणतात.

स्पर्धेला दोन आठवडे आहेत म्हणून आधी पत्र टाकतेय; तुझ्यासमोर उभं राहायचं धाडस अजून होत नाही. शनिवारपर्यंत तुझा फोन आला नाही तर रविवारी सकाळच्या गाडीनं येते. शिव्या दे, हाकलून दे. फक्त नाव सांग.

वर्षा


१८ नोव्हेंबर २०२४

दादा,

काल काय झालं ते तुला माहीत आहे. तरी जसं घडलं तसं लिहून तुझ्याकडं ठेवते. पुढं कधी आठवताना मी ते मऊ करून घेईन. माझा माझ्यावर भरवसा उरला नाही.

मी आले तेव्हा तू कारखान्यालगतच्या तुमच्या घराच्या पडवीत बसला होतास. दाढी पांढरी झालीय तुझी. वहिनी म्हणाल्या, "वन्सं, या की." तू उठून आत निघालास. मी चपला न काढताच मागं आले. कपाटावर माझी सगळी पत्रं होती, स्पीडपोस्टाचं पण. एकही फोडलं नव्हतंस.

मी उभ्याउभ्याच सांगितलं. कॉइल, पट्टी, रेघ, सही. अकरा पूर्णांक आठ. मी थांबले तेव्हा आत फक्त काजूच्या टरफलांचा उग्र वास होता आणि वहिनी दाराला धरून उभ्या होत्या.

तू पहिलं काय विचारलंस? मला वाटलं होतं राजवीरचं काहीतरी बोलशील. तू म्हणालास, "तेजस्वीच्या गाडीत हाय दुसरा सेट. पन्हाळ्याची पोरगी. एकोणीस वर्षांची हाय ती." आणि फोन काढलास. तिचा लागेना. तिच्या वडिलांचा लागला, तर ते म्हणाले, ती मघाशीच सरावाला गेली, डोंगरापलीकडं, तिथं रेंज न्हाय. तू ओरडलास, "मग तुमी जावा! पळत जावा! गाडी चालू करू दिऊ नका तिला!" आजूबाजूच्या बायका काम थांबवून बघायला लागल्या.

मेव्हण्याची गाडी काढलीस. मी म्हणाले, "मी येते." तू गाडीचं दार धरून थांबलास. आवाज चढवला नाहीस. तोच चढवला असतास तर बरं झालं असतं.

"नऊ म्हैनं मला माझं हात बघवत नव्हतं, वर्षा. आणि तुला ठावं हुतं."

"नक्की ठाऊक नव्हतं दादा, मला फक्त..."

"आकडा चुकला असता तर मी कायबी बोललो नसतो. मीबी चुकतो. माणूस चुकतंय. पर मी व्हरांड्यात भिताडावर डोकं आपटत हुतो, तवा तू हितं, हितं हुबी हुतीस." तू हाताभराचं अंतर दाखवलंस. मग गेलास.

पुढचं तुला माहीत नाही. वहिनींनी मला पाण्याचा तांब्या दिला, पण बस म्हणाल्या नाहीत. राजवीर खुर्ची ढकलत दारात आला. सगळं ऐकलं होतं त्यानं. माझ्याकडं बघत राहिला. मी त्याच्या पायांकडं बघितलं आणि नजर फिरवली, ते त्यानं पाहिलं. साडेतीनपर्यंत आम्ही तिघं त्या खोलीत होतो, फोनकडं बघत. मी देवाचं नाव घेत होते, पण काय मागायचं कळत नव्हतं. नुसतं पोरगी सापडू दे म्हणायचे, आणि मनात यायचं, ती पडली तरी मी इथंच खुर्चीवर बसलेली असेन. माझ्या हातात काहीच नव्हतं.

तुझा फोन वहिनींना आला. तिचे वडील वेळेत पोचले होते. दोन फेऱ्या मारून तिसरीला निघाली होती ती. तू तिथंच इंजिन खोललंस. वहिनींनी फोन स्पीकरवर ठेवला नव्हता, तरी तुझा आवाज आला मला, "एक्झॉस्टचं दोन्ही दांडं खाल्ल्यात. आज न्हाईतर उद्या अडकलंच असतं."

वहिनी देवासमोर जाऊन बसल्या. मी माझी पिशवी घेतली. पाच वाजताची गाडी होती.

वर्षा


२ मार्च २०२५

दादा,

वहिनींचा डिसेंबरात निरोप आला, तू पत्रं पाठवू नको म्हटलंयस. अडीच महिने पाळला. हे एकच पाठवतेय, कारण यातलं काही तुझ्यापासून लपवलं तर मी पुन्हा तिथंच जाऊन पोचेन.

कॉलेजला मी सगळं लिहून दिलं. चौकशी झाली. सर म्हणाले, "मॅडम, एवढं लेखी द्यायची गरज नव्हती." लॅब माझ्याकडून काढून घेतली, आता पहिल्या वर्षाच्या मुलांना ड्रॉइंग शिकवते. तो तक्ता ज्या मासिकात छापलाय त्यांना पाच ईमेल केल्या, लेख मागे घ्या म्हणून. "आपला मजकूर मिळाला" एवढंच येतं. लेख तसाच आहे. गेल्या आठवड्यात चेन्नईच्या एका मुलानं माझा आकडा आधाराला घेऊन दुसरा लेख लिहिलेला दिसला. त्याला कळवलं. त्याचंही उत्तर नाही. शून्य पूर्णांक नऊ कुठं कुठं जाऊन पोचलाय, मला माहीत नाही. मी ईमेल करत राहते.

गेल्या रविवारी राजवीरचा फोन आला. "आत्ती, पप्पांनी मशीन चालू केलंय." म्हणाला, तू मेव्हण्याच्या शेडमध्ये वेल्डिंग करून त्याला धरून उभं राहायला दोन बाजूंचे दांडे केलेस, कंबरेच्या उंचीचे, आणि आता कारखान्यातली सगळी दुरुस्ती तूच करतोस. मग तो म्हणाला, "तू ये की."

मी म्हणाले, दादा नको म्हणालाय.

"घरी नगं. स्टँडवर ये."

काल आले. तो स्टँडवर माझ्याआधी आला होता, एकटा, खुर्ची हातानं ढकलत. हाताला घट्टे पडलेत त्याच्या. कँटीनमध्ये चहा घेतला. इकडचं तिकडचं बोललो. तेजस्वीचं, फुटबॉलच्या सामन्यांचं, पेठेत कुणाचं लग्न ठरलं त्याचं. मग तो म्हणाला, "आत्ती, मला तुझा राग न्हाय असं म्हणायला आलतो मी. वाटेत पाठ केलं हुतं."

त्यानं कपात फुंकर घातली.

"पर तसं न्हाय. राग हाय. रात्री कूस बदलायला आईला हाक मारायला लागती, तवा लई येतोय." कप खाली ठेवून म्हणाला, "तरी येत जा. राग हाय म्हणून येऊ नगंस असं काय न्हाय."

मी विचारलं, "दादाला सांगू?"

"लिही की. न्हाईतर परत लपवाछपवी."

परत जाताना तुमच्या रस्त्याला चढ लागतो. मी मागून खुर्ची धरली. त्यानं धरू दिली. अर्ध्या चढावर, जिथून तुझी शेड दिसायला लागते, तिथं त्यानं चाकं हातानं दाबून धरली.

"हितनं फुडं नगं, आत्ती. पप्पा दिसतील."

"एकट्याला जमेल?"

"न्हाय जमलं तर थांबीन."

मी हात सोडले. तो दोनदा थांबला. दुसऱ्यांदा खुर्ची जरा मागं घसरली, मी एक पाऊल पुढं टाकलं, आणि त्यानं मागं न बघताच हात वर केला, येऊ नको म्हणून. तुझ्या वेल्डिंगचा निळा उजेड भिंतीवर दिसत होता. तो त्या उजेडापर्यंत पोचेपर्यंत मी रस्त्याच्या कडेला उभी होते.

वर्षा